दहा वर्षांची हमी

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचं नाव निघतंच. १९७६ साली झालेला हा डांबरी रस्ता हमीची दहा वर्षं उलटून गेल्यावरही कित्येक पावसाळे धड राहिला. असं काही टिकलं की त्याभोवती आख्यायिका जमते, तशी इथेही जमली: तो बांधणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडे काहीतरी खास मसाला होता म्हणे. माझ्या मते या आख्यायिकेने पुण्याचं नुकसानच केलं. गुपित मसाल्यात आहे असं मानलं की तो आपल्याकडे नाही म्हणून हात झटकता येतात. प्रत्यक्षात त्या रस्त्यामागचं तंत्र तेव्हाही जगजाहीर होतं. वेगळा होता तो करार.

१९७३च्या पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली. पाऊस मुंबईतही कोसळतो, मग तिथले काही रस्ते कसे टिकतात, हा प्रश्न तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांना पडला. त्यातून मुंबईच्या रिकॉन्डो या कंपनीचं नाव पुढे आलं. हॉट मिक्स पद्धतीने रस्ता करायचा आणि दहा वर्षं तो खराब झाला तर दुरुस्ती कंपनीने करायची, या बोलीवर सुमारे १५ लाख रुपयांचं काम निविदा न काढता दिलं गेलं.

हॉट मिक्सचं महत्त्व कळायला आधीची पद्धत डोळ्यांसमोर आणावी लागते. रस्त्याच्या कडेला लाकडं पेटवून त्यावर डांबराचं पिंप चढवायचं, उकळी फुटली की झाऱ्याने खडीवर ओतायचं, वरून बारीक कच पसरायची आणि रोलर फिरवायचा. तापमान धुराकडे बघून ठरायचं. जास्त तापलेलं डांबर ठिसूळ होतं आणि पुढे तडकतं; कमी तापलेलं खडीला नीट धरत नाही. त्यातून खडी ओली किंवा धुळकट असली तर डांबर दगडाला चिकटण्याऐवजी धुळीलाच चिकटतं. हॉट मिक्समध्ये फिरत्या ड्रममध्ये खडी आधी वाळवून तापवतात. मग साधारण दीडशे अंशांच्या आसपास वजनाने पाच टक्क्यांच्या आगेमागे डांबर मिसळतात, म्हणजे प्रत्येक खड्याला सगळ्या बाजूंनी डांबराचा पातळ लेप बसतो. हा माल गरम आहे तोवरच पसरून दाबावा लागतो. दबाई झाल्यावर आत हवेची पोकळी चार-पाच टक्के उरली तर पाणी सहसा आत शिरत नाही. आठ-दहा टक्के उरली तर रस्ता स्पंजासारखा पाणी पितो. वरून चाक गेलं की ते पाणी दाबाखाली खडीवरचा लेप सोलून काढतं. खड्डा दिसतो पावसाळ्यात, पण त्याची सुरुवात बहुधा रोलर लवकर थांबला त्या दुपारी झालेली असते.

यातलं काहीही गुप्त नाही. पण रोलरच्या चार फेऱ्या कमी मारल्या तर डिझेल आणि वेळ वाचतो, आणि वरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांत जबाबदारी संपणार असेल, तर ठेकेदाराला या बचतीचा मोह होणारच. दहा वर्षांची दुरुस्ती गळ्यात असेल तर तोच ठेकेदार स्वतः थर्मामीटर घेऊन उभा राहील. तपासनीस वाढवून जे साधत नाही, ते हमीने साधतं.

यावर पहिला आक्षेप असा की १९७६चं पुणे सायकलींचं होतं, त्या रस्त्यावर वजन ते किती पडणार! आक्षेप निम्मा खरा आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून दिसलं, की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. खडीने भरलेल्या ट्रकांच्या महामार्गाला जंगली महाराज रस्त्याचा दाखला देता येणार नाही. पण त्याच शहरातले, तीच वाहतूक झेलणारे बाकीचे रस्ते का उखडले, याचं उत्तर सायकलींत सापडत नाही.

दुसरा आक्षेप काँक्रीटवाल्यांचा. काँक्रीट जास्त टिकतं, हे कबूल. मात्र ज्या गल्लीत दर दोन वर्षांनी जलवाहिनी नाहीतर केबल टाकायची असते, तिथे ते फोडणं आणि पुन्हा जोडणं म्हणजे शिक्षाच. ताज्या काँक्रीटवर वाहनं सोडायला एरवी बरेच दिवस थांबावं लागतं. डांबरावर काही तासांत सोडता येतात. शिवाय जुना डांबरी थर खरवडून त्याचा माल पुन्हा वापरता येतो. अर्थात खरवडला तर; आपल्याकडे थरावर थर चढवायचीच सवय, म्हणून रस्ता वर जातो आणि दुकानांचे उंबरे खाली. रस्ता टिकला तर असे थर वारंवार चढवावे लागत नाहीत; टिकाऊ डांबराचा हा फायदा हिशेबात क्वचित धरला जातो.

सगळ्यात वजनदार आक्षेप निविदेचा. पारदर्शक स्पर्धेविना दिलेलं काम उद्या कुणाच्याही मेव्हण्याला जाऊ शकतं. तेव्हा ते चांगल्या हाती पडलं, हा योग. त्यामुळे निविदेला बगल देणं हा काही या रस्त्याचा धडा होऊ शकत नाही. पण निविदेत दरच मोजला पाहिजे, असंही कुठे लिहिलेलं नाही. हमीची वर्षं हासुद्धा बोलीचा आकडा ठरवता येतो: एक जण तीन वर्षांची हमी देतो, दुसरा थोड्या जास्त पैशात दहा वर्षांची, आणि प्रत्येक वर्षाला पडणारा खर्च काढून काम कुणाला ते ठरतं. यासाठी मात्र महापालिकेलाही स्वतःचा शब्द पाळावा लागेल, कारण नव्या रस्त्यावर सहा महिन्यांत खोदाईची परवानगी दिली की हमी त्याच दिवशी संपते आणि पुढच्या खड्ड्यांना ठेकेदार जबाबदार राहत नाही.