फुटलेल्या काचांचा दंड

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत सिनेगॉग पेटवले गेले, ज्यू दुकानांच्या काचा फुटल्या आणि त्यानंतरच्या काही दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. इतके बहुतेकांना ठाऊक असते. मला त्यापुढचा कागदी व्यवहार अधिक भयंकर वाटतो.

१२ नोव्हेंबरला हर्मन गोरिंगने बैठक बोलावली. दुकानांचे विमे उतरवलेले होते. मग भरपाईचे काय? निर्णय झाला : विम्याची रक्कम सरकार जप्त करणार, दुरुस्ती ज्यू मालकांनीच स्वखर्चाने करायची आणि वर जर्मनीतील समस्त ज्यूंवर १ अब्ज राइशमार्कांचा दंड.

हा दंड वसूल करणे अवघड गेले नाही. ‘ज्यू कोण’ हे १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरवून टाकले होते. ५,००० मार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या ज्यूंना एप्रिल १९३८ मध्येच तिची नोंद करणे भाग पाडले होते. त्या नोंदींवरून प्रत्येकाच्या मालमत्तेचा २० टक्के हिस्सा चार हप्त्यांत मागण्यात आला. (देश सोडू पाहणाऱ्यांना निर्गमन-कर वेगळाच!)

१९३९ मध्ये पाचवा हप्ता लावून ते २५ टक्के करण्यात आले.