परक्या देशातलं घर : आनंदीबाई जोशी, त्यांची अमेरिकेतली मावशी आणि आजचे विद्यार्थी

दरवर्षी जून-जुलै उजाडला की दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघालेली असते. तिच्या हातात विद्यापीठाचा आरोग्याचा फॉर्म असतो आणि सोबतच्या आईकडे फॉर्मपेक्षा जास्त प्रश्न असतात. तिकडे एका कुटुंबात राहणार आहे, तर जेवणाचं कसं? थंडी सोसेल का? आजारी पडली तर कोण बघणार? आणि त्यात एखादे आजोबा हमखास म्हणतात, "आनंदीबाईंचं काय झालं ते माहीत आहे ना? तिकडची थंडी बाधली."

वाचकहो, आज याच वाक्याकडे जरा नीट बघू या. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला पुस्तकांतून, नाटकातून, चित्रपटातून माहीत आहे. पण एक विद्यार्थिनी परक्या घरात कशी राहिली, काय ल्याली, काय जेवली आणि तिची तब्येत नेमकी कशामुळे ढासळली, हा भाग घाईघाईत उरकला जातो. डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं तर शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

दातांच्या दवाखान्यात जुळलेलं नातं

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण. ते बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. पत्नीला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी मदत मागणारं पत्र त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिलं. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

न्यू जर्सी राज्यातल्या रोसेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी सहज चाळलं आणि हे पत्र त्यांच्या वाचनात आलं. 1880 मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं. पुढची तीन वर्षं दोघींची पत्रं जात-येत राहिली. एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं, तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. यजमान आणि विद्यार्थिनी यांची ओळख बोटीतून उतरल्यावर झाली नाही, ती आधीच झाली होती. आनंदीबाईंच्या खाण्यापिण्याच्या रीती, धर्माबद्दलचा ठामपणा आणि तब्येतीच्या कुरबुरीसुद्धा मावशींना ठाऊक होत्या. कलकत्त्याला असताना आनंदीबाईंना सतत डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप आणि कधी कधी धाप असा त्रास होता. मावशींनी त्यावर अमेरिकेतून औषधं धाडली होती, पण त्यांचा गुण आला नाही. कलकत्त्याच्या या तापाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

रोसेलचा उन्हाळा

24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे जाहीर केलं. 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या. अठरावं वर्ष नुकतंच पूर्ण झालेलं आणि पती सोबत नाहीत. 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोसेलच्या घरात काढला. हा काळ फार मोलाचा ठरला, असं मला वाटतं. कॉलेज ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होतं, त्यामुळे सरावाला चार महिने मिळाले. अंगणात गोष्टी सांगणं, खेळणं, घरातल्या मुलींना इकडचे रीतिरिवाज समजावणं, यजमानांना आपल्या पद्धतीचं जेवण रांधून वाढणं, असे ते दिवस होते. घरातल्या माणसांनीही त्यांच्या शाकाहाराला नाक मुरडलं नाही.

पोशाखाची गोष्ट तर आजही सांगण्यासारखी आहे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या थंडीत ते निभणारं नव्हतं. म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीची गोल साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, पण पाय झाकले. आपली रीत आणि शरीराची गरज यांच्यात त्यांनी काढलेली ही वाट कोणाही डॉक्टरला पटेल अशीच आहे.

फिलाडेल्फियाची खोली

पेन्सिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय 1850 साली सुरू झालेलं. डीन होत्या रेचल बॉडली. आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी मिळून 600 डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. पण कॉलेज फिलाडेल्फियात आणि मावशींचं घर सुमारे शंभर किलोमीटरवर. म्हणजे रोज जेवायला हाक मारणारं घर आता सुट्टीपुरतंच उरलं.

फिलाडेल्फियाला आनंदीबाई एका खोलीत राहू लागल्या. त्या खोलीतली शेकोटीची जागा सदोष होती, विस्तव पेटवला की धूर आत पसरायचा, असं त्यांच्याविषयीच्या लेखनात येतं. धूर सोसा किंवा गारठा सोसा, दोनच पर्याय. दिवसभर व्याख्यानं, शवविच्छेदन आणि अभ्यास झाल्यावर स्वयंपाक स्वतःच करायचा, तोही शाकाहारी, ओळखीची भाजी नाही की पीठ नाही अशा बाजारात. दमलेला विद्यार्थी अशा वेळी काय करतो हे हॉस्टेलला राहिलेल्या कोणालाही विचारा. एक वेळचं जेवण तो सोडतो. पुढे बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी राहायला बोलावलं.

तशाही अवस्थेत अभ्यास पुरा झाला. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली, तेव्हा त्यांना एकविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. पण ती त्यांना घेता आली नाही. 1886 च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आजार होता क्षय.

थंडीनं क्षय होतो का?

आता आजोबांच्या वाक्याकडे येऊ. थंडीनं क्षय होत नाही. क्षय हा जंतूमुळे होतो. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च 1882 मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या फक्त वर्षभर आधी, बर्लिनमध्ये जाहीर केला. क्षयाचा रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा हे जंतू हवेत येतात आणि बंद खोलीत ते इतरांच्या श्वासातून फुप्फुसात जातात.

पण जंतू आत शिरला म्हणजे लगेच आजार झाला असं नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. जंतू जिवंत असतो, पण झोपलेला. अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. राखणदार दुबळा झाला की कोंडलेला जंतू बाहेर येतो. राखणदाराला दुबळं करणाऱ्या गोष्टी आपल्याला आज चांगल्या माहीत आहेत : अपुरं जेवण, मधुमेह, तंबाखू, चुलीचा-शेकोटीचा धूर, एचआयव्ही.

आता आनंदीबाईंची परिस्थिती या यादीशी ताडून पाहा. अपुरं जेवण होतं. धूर होता. शिवाय फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर त्यासाठी जास्तच ऊन लागतं. हे कोणाला सांगता आलं असतं? जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. छातीचा फोटो काढता आला नसता, कारण क्ष-किरणांचा शोध 1895 चा. आणि कलकत्त्याचा तो अधूनमधून येणारा ताप आठवा. केवळ लक्षणांवरून शंभर वर्षांनी निदान करू नये, थकवा आणि डोकेदुखीला पन्नास कारणं असतात. पण आजचा डॉक्टर असं वर्णन ऐकल्यावर तपासण्या केल्याशिवाय त्या मुलीला विमानात बसू देणार नाही. क्षयाचा जंतू अमेरिकेतच गाठ पडला असं धरून चालण्याचं कारण नाही. तो हिंदुस्थानात तेव्हाही घरोघरी होता.

म्हणून "परदेशानं बळी घेतला" हे अर्धवट सत्य आहे. "शाकाहारानं घात केला" हेही तसंच. शाकाहार पुरेसा आणि चौरस असेल तर तो क्षय ओढवून आणत नाही. उपाशीपणा मात्र आणतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत प्रत्येक माणसाला तांदूळ, डाळ अशी जादा शिधासामग्री दिली, त्या घरांत क्षयाचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे 39 टक्क्यांनी कमी निघालं. साध्या डाळ-भातात एवढी ताकद आहे.

आणखी एक हळहळ लावणारी गोष्ट. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं, ते न्यू जर्सीच्याच रटगर्स विद्यापीठात. मावशींचं रोसेल त्याच राज्यातलं. साठ वर्षांचं अंतर पडलं. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

यजमान घराचं औषध

मग कार्पेंटर मावशींच्या घरानं काय साधलं? जीव वाचला नाही, हे खरं. पण अठरा वर्षांची एकटी मुलगी, नवी भाषा, नवं हवामान आणि वर्गात मृतदेहाची चिरफाड, हे सगळं तिनं पेललं त्यात त्या घराचा मोठा वाटा आहे. "आज जेवलीस का?", "चेहरा का उतरलाय?" असं विचारणारं माणूस जवळ असणं ही तब्येतीची पहिली राखण असते. वजन घटतंय हे स्वतःला उशिरा कळतं, रोज बघणाऱ्याला आधी. आनंदीबाईंच्या अस्थी पुढे मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या आहेत. लेकीसारखी जागा दिली, ती अशी अखेरपर्यंत.

तुमच्या घरातून कोणी निघालं असेल तर

1. निघण्याआधी जुन्या कुरबुरी तपासून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं यांपैकी काही असेल तर व्हिसा अडकेल या भीतीनं लपवू नका. लपवलेला आजार तिकडे जाऊन वाढतो आणि यजमानांच्या घरालाही धोका होतो.

2. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतीय विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठंही ती मागतात. लहानपणी बीसीजी घेतली असेल तर त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, तो बहुधा झोपलेला जंतू असतो. डॉक्टरांशी बोला.

3. शाकाहारी मुलांचं बी-12 आणि ड जीवनसत्त्व निघण्याआधी तपासा. कमी असेल तर इथेच उपचार सुरू करा. मनानंच मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नका.

4. यजमानांना आधीच पत्र किंवा मेल लिहा. काय खातो, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधं चालू आहेत, हे मोकळेपणानं सांगा. "व्हेज" एवढाच शब्द पुरत नाही. अंडं, मासा, चिकनचं सूप चालतं की नाही, हे स्पष्ट लिहा. संकोचानं उपाशी राहणं हा सभ्यपणा नव्हे.

5. दोन-तीन पोटभरीचे पदार्थ शिकून जा. वरण-भात, खिचडी, उसळ पुरे. यजमानांनाही करून वाढा. ओळख त्यानं लवकर होते.

6. बंद खोलीत कोळसा किंवा गॅसची शेगडी पेटवून झोपू नका. आनंदीबाईंच्या खोलीतला धूर दिसत तरी होता, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. त्याचा इशारा देणारं यंत्र खोलीत आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा.

7. पालकांनी फोनवर मार्कांच्या आधी जेवणाचं आणि झोपेचं विचारावं. मूल सलग काही दिवस जेवण टाळतंय, माणसं टाळतंय असं वाटलं तर यजमानांशी थेट बोला आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जायला सांगा. त्यासाठी यजमानांचा फोन नंबर आजच तुमच्या वहीत लिहून ठेवा.