एकसष्टाचें कोडें

मालवण तालुक्यांतील कट्टा गांवच्या बाजारांत एखाद्या व्यापाऱ्यानें नारळांचे एकसष्ट सारखे चौरस मांडले, आणि त्यांत आणखी एकच नारळ घालतांच सर्वांचा मिळून एक मोठा चौरस झाला, अशी कल्पना करावी. लहान चौरसाच्या एका ओळींत किती नारळ असतील? चौरस साठ असते तर उत्तर सोपें होतें: चार. ९६० नारळांत एक मिळवला कीं ३१ चा वर्ग होतो. बासष्टांना आठ पुरतात. एकसष्टाचें लहानांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८०, आणि मोठ्या चौरसाची ओळ १,७६,६३,१९,०४९! एवढे नारळ साऱ्या पृथ्वीवर कधीं लागले नाहींत.

फ्रान्समधील फर्मा यानें १६५७ सालीं हाच प्रश्न समकालीन गणितज्ञांपुढें आव्हान म्हणून टाकला. त्याला ठाऊक नव्हतें, कीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या बीजगणित भागांत भास्कराचार्यांनीं एकसष्टाचेंच उदाहरण घेऊन तें सोडवून ठेवलें होतें.

त्यांची रीत चक्रवाल. तींत प्रथम सोयीची संख्या घेऊन अंतर क्रमाक्रमानें कमी करीत जावयाचें. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५. अंतर अवघें चार. येथें ब्रह्मगुप्ताची सातव्या शतकांतील भावना उपयोगी पडते, आणि २९,७१८ व ३,८०५ ही जोडी हातीं येते. तिच्यांत अद्याप एक उणा पडतो. तीच जोडी तिच्याशींच जुळवली, कीं २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक एक, म्हणजेच ती प्रचंड संख्या. पाटी घेऊन बसणाऱ्या कोणासही हा ताळा पाहतां येईल. या संख्येस तिच्या जोडीदारानें भागिलें असतां एकसष्टाचें वर्गमूळ इतकें अचूक मिळतें, कीं चुकीच्या आधीं दशांशचिन्हापुढें सतरा शून्यें पडतात.

पुढें ऑयलरनें हें समीकरण चुकीनें पेल नांवाच्या इंग्रजाच्या नांवावर घातलें, आणि तेंच रूढ झालें. अन्याय खरा, पण आपल्याकडीलही श्रेय नीट वांटलें पाहिजे. चक्रवाल रीत १०७३ सालच्या उदयदिवाकराच्या टीकेंत जयदेवाच्या नांवें आलेली आहे. असें उत्तर नेहमींच असतें, ही सिद्धता तर अठराव्या शतकांतील लाग्रांजची.

भास्कराचार्यांच्या घराण्याचा पुरावा उजेडांत आणला तो पेडणें महालांतील मांद्र्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं. चाळीसगांवजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठींत आहे, आणि त्यांत बाजाराचा हिशेब येतो: पाटणांत विकावयास येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर या मठास दिला.