खेळ कोणाच्या मालकीचा?

आज आपण एका खेळाचा इतिहास पाहणार आहोत. खेळाचं नाव रोलर डर्बी. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना चाकांच्या बुटांशी काय देणंघेणं? पण आमचा प्रश्न जुनाच आहे: जो अंगावर मार झेलतो, कारभारात त्याचा शब्द चालतो का?

सुरुवात १९३५ सालची. महामंदीचे दिवस. शिकागोच्या कॉलिझियममध्ये लिओ सेल्ट्झर या व्यावसायिकाने स्त्री-पुरुषांच्या जोड्यांची एक लांब पल्ल्याची स्केटिंग स्पर्धा भरवली. अमेरिका ओलांडून जावं एवढं अंतर एकाच रिंगणात फिरून कापायचं! पुढे डॅमन रन्यन या लेखकाच्या सूचनेवरून धक्काबुक्कीला रीतसर जागा मिळाली, आणि महायुद्धानंतर टेलिव्हिजनने खेळ घरोघरी पोचवला. बायकांनाही पुरुषांच्याच नियमांनी खेळायला मिळे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मालकी मात्र सेल्ट्झर घराण्याची. १९७३ साली मुलाने, जेरी सेल्ट्झरने, धंदा बंद केला. निर्णय मालकाचा होता.

आता २००१ सालच्या ऑस्टिनला येऊ. टेक्सासमधल्या या शहरात एका गृहस्थाने बायकांना जमवून हा खेळ पुन्हा उभा करायचं ठरवलं, आणि थोड्याच काळात तो स्वतःच निघून गेला. बायका राहिल्या. त्यांनी संघ बांधले. पण कंपनी झाली ती मोजक्या जणींच्या नावावर. मग विमा, पैशाचा हिशेब, मताचा अधिकार यांवरून खटके उडाले आणि २००३ साली फूट पडली. बाहेर पडलेल्यांनी 'टेक्सास रोलरगर्ल्स' ही खेळाडूंनीच चालवायची लीग काढली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. म्हणजे मालक बाई असली की प्रश्न सुटतो, असं नाही.

या लीगने उतरत्या कडांचं लाकडी रिंगण सोडलं आणि सपाट जमिनीवर खेळ मांडला. दिसायला हा तांत्रिक बदल, पण त्याचं मोल मोठं. लाकडी रिंगण बांधायला भांडवल लागतं, ते ठेवायला जागा लागते, आणि भांडवल आलं की मागोमाग मालक येतो. सपाट जमिनीवर दोरी आणि चिकटपट्टीने आखणी केली की काम झालं! त्यामुळे गावोगावच्या बायकांना लीग काढता आली. २००४ साली लीगांची आघाडी बनली, जुलै २००५ मध्ये शिकागोला प्रतिनिधी भेटले, आणि त्यातूनच 'विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन' आकाराला आली. तिची अट पाहा: लीगची किमान ५१ टक्के मालकी आणि किमान ६७ टक्के व्यवस्थापन खेळाडूंच्या हाती हवं.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटलं आहे की घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. आमच्या मते इथे तेच घडलं. दोन मिनिटांच्या एका डावात जॅमर चार प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढते. कोणता धक्का चालेल आणि कोणता हाड मोडेल, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

पण याची किंमतही आहे, ती लपवून चालणार नाही. या खेळाडू पगार घेत नाहीत, उलट वर्गणी भरतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, आणि वर समितीच्या बैठका, तिकिटं, हिशेब. बऱ्याच जणी थकतात, सोडून जातात. मग कोणी तरी म्हणतं, 'एखादा व्यवस्थापक नेमू या, तो बघेल सगळं.' स्वातंत्र्य जातं ते नेहमी जुलमानेच जातं असं नाही, मित्रहो. पुष्कळदा ते कंटाळ्याने जातं. म्हणून ती ६७ टक्क्यांची अट आम्हाला नुसती कायद्याची बाब वाटत नाही. दमलेल्या माणसांनी आपल्याच दमणुकीविरुद्ध ती आधीच लिहून ठेवली आहे.