मॅन्डोलिन आणि मिस्सा

चाळिशी उलटल्यावर कोणी मॅन्डोलिन शिकून देवळाच्या वाद्यवृंदात बसू इच्छितो, तेव्हा आपल्या कानी दोन शंका येतात. हे वाद्य मिस्साला शोभेल काय? आणि या वयात बोटे वळतील काय?

पोप दहावे पायस यांनी १९०३ साली देवळात पियानो, ढोल व झांजांना मनाई केली. बँडला मोकळीक मुख्यत्वे बाहेरच्या मिरवणुकीत. इटलीच्या उपासनेत तेव्हा नाटकी संगीत शिरले होते, हे आपण विसरू नये. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखूनच इतर साजेशा वाद्यांना दार उघडले, आणि १९६७ च्या आदेशाने त्या त्या लोकांच्या परंपरेचा विचार करण्यास सांगितले. तसे पाहता, मॅन्डोलिनसाठी कॉन्चेर्तो रचणारे व्हेनिसचे विवाल्दी स्वतः धर्मगुरूच होते!

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. गोव्याच्या धर्मग्रामशाळांत मुलांना सोल्फा व व्हायोलिन शिकवीत. तेथे तयार झालेले कित्येक वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत चमकले. ते भाग्य आपल्यापैकी बहुतेकांना लाभले नाही. मॅन्डोलिनच्या आठ तारांच्या चार जोड्या व्हायोलिनच्याच सुरांत लावतात. मात्र व्हायोलिनवर सुराची जागा कानाने शोधावी लागते, मॅन्डोलिनवर ती पडदे दाखवितात. उशिरा शिकणाऱ्याला हा मोठाच आधार. अडचण येते ती संथ गीतात. लांब सूर नखीच्या जलद आघातांनी टिकवावा लागतो आणि नवखे मनगट तेथेच थकते. अशा वेळी ऑर्गनने सूर धरावा, मॅन्डोलिनने कडव्यांमधल्या जागा भराव्यात.