मूत्रपिंडातला हीट एक्स्चेंजर

कारखान्यात हीट एक्स्चेंजरशी माझा रोजचा संबंध. शेजारी-शेजारी दोन नळ्या, एकीत गरम पाणी, दुसरीत थंड, आणि प्रवाह उलट दिशेने. कुठल्याही एका जागी दोघांच्या तापमानात फरक थोडाच असतो, पण नळीच्या लांबीवर तो साठत जाऊन मोठा होतो. नोकरीसाठी बाझलला आलो तेव्हा कळलं, की याच गावातल्या एका रसायनशास्त्रज्ञाने असंच तत्त्व चक्क मूत्रपिंडात ओळखलं होतं.

कोडं जुनं होतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. पाणी कमी मिळालं तर मूत्र रक्ताच्या चौपट दाट होऊ शकतं. हे कसं जमतं? १८६२ मध्ये जर्मनीतल्या याकोब हेन्ले यांनी पाहिलं, की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्या खाली उतरतात आणि केसातल्या आकड्यासारखं वळण घेऊन परत वर जातात. पण हे वळण कशासाठी, हे पुढची ऐंशी वर्षं कोडंच राहिलं.

१९४२ मध्ये बाझल विद्यापीठातल्या वेर्नर कून यांनी रिफेल या सहकाऱ्याबरोबर उत्तर मांडलं. वळणामुळे दोन प्रवाह शेजारून उलटे वाहतात, म्हणून जागोजागचा लहानसा फरक गुणाकार होत वाढतो! पण युद्धाचा काळ, निबंध जर्मन भाषेत आणि लिहिणारा रसायनशास्त्रज्ञ. शरीरशास्त्रवाल्यांचं लक्ष गेलंच नाही.

मग १९५१ मध्ये कून, हार्गिताय आणि शरीरशास्त्रज्ञ विर्त्स यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ चकत्या गोठवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू वितळू दिल्या. खारट बर्फ आधी वितळतो. आतल्या टोकाचा बर्फ सर्वांत आधी वितळला, बाहेरच्या थराचा सर्वांत शेवटी. म्हणजे आत जावं तसा खारटपणा वाढत होता.

तरीही न्यूयॉर्कचे होमर स्मिथ, या विषयातले त्या काळचे सर्वांत मोठे अधिकारी, साशंकच राहिले. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या गॉटशॉक आणि मिल यांनी सूक्ष्म सुईने थेट नळ्यांतला द्रव काढून मोजला. वळणाजवळ तो रक्तापेक्षा दाट निघाला, आणि वळण संपल्यावर पातळ. त्याच वर्षी स्मिथ यांनी नवी कल्पना जाहीरपणे मान्य केली. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते.

कून यांचंही सगळं बरोबर नव्हतं. १९५१ च्या गणितात फरक निर्माण करणारी शक्ती म्हणून त्यांनी द्रवाचा दाब धरला होता. खरं काम करते ती वर जाणाऱ्या नळीची भिंत: ती मीठ बाहेर फेकते, पाणी मात्र सोडत नाही. ही दुरुस्ती १९५९ मध्ये कून आणि रामेल यांनीच मांडली. मिठाने खारट झालेल्या त्या भागातून शेवटची नळी जाते. शरीराला पाणी वाचवायचं असलं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तिच्या भिंतीतल्या वाटा उघडतं आणि पाणी खाऱ्या बाजूला ओढलं जातं. भरपूर पाणी प्यालो, की वाटा बंद.

अगदी आतल्या थरात हे नेमकं कसं चालतं, यावर आजही वाद आहेत.

असो. आमच्या बैठकीत दुसऱ्या खात्याचा कुणी भलताच प्रश्न विचारतो तेव्हा मला कून आठवतात. आणि आपलंच चुकलं असं लक्षात येतं, तेव्हा स्मिथ.