नोंद आणि तिचा शोध

प्रत्येक शाळेच्या कपाटात जडवस्तुसंग्रहाची एक जाड नोंदवही असते. बाक, फळा, नकाशा कधी आला, किती किमतीला आला, कोठे ठेवला आणि मोडल्यावर केव्हा निर्लेखित केला, हे सारे तीत लिहिलेले असते. आजच्या मोठ्या संस्थांतून संगणक, सर्व्हर आणि प्रोग्रॅमचे परवाने ह्यांचीही अशीच नोंद ठेवावी लागते. ही नोंद शोधण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांकडे, म्हणजे माणसाच्या वतीने काम करणाऱ्या प्रोग्रॅमांकडे, येऊ लागले आहे. हे कसे घडत आले, ते थोडक्यात पाहू.

अमेरिकेतील १८८० च्या जनगणनेची आकडेमोड पुरी होण्यास सुमारे ८ वर्षे लागली. म्हणून १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ ह्यांची छिद्रांकित कार्डे वापरण्यात आली. कार्डावरील एकेक छिद्र म्हणजे माहितीचा एकेक तपशील, आणि तो यंत्र मोजीत असे. मोजणी ह्यामुळे सोपी झाली; परंतु एखादीच नोंद हवी असेल, तर कार्डांची सबंध चळत चाळावी लागे.

पुढे १९६० च्या दशकात माहिती चुंबकीय तबकड्यांवर आली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन ह्यांनी एका नोंदीतून तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची व्यवस्था रचली. १९७३ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नावाड्याची उपमा दिली. नावाड्याला मार्ग ठाऊक हवाच! ह्या अटीतून सुटका करण्याची दिशा आय. बी. एम. मधील एडगर कॉड ह्यांनी १९७० च्या आपल्या निबंधात दाखविली होती. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, शोधणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे, आणि मार्ग यंत्राने काढावा, हा त्यांचा विचार. त्यावर आधारलेली प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनी १९७४ साली मांडली. तीच पुढे एसक्यूएल ह्या नावाने सर्वत्र रूढ झाली.

संगणकांचीच नोंद ठेवण्याची शिस्त त्यानंतर आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या एका संगणकविषयक संस्थेने ह्या कारभाराचे नियम ग्रंथरूपाने संकलित केले. कोणते यंत्र कोठे आहे आणि कोणते कशावर अवलंबून आहे, हे एकत्र लिहिलेले असावे, हा त्यांतील एक आग्रह होता. त्याचे महत्त्व डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळून चुकले. लॉगफोरजे नावाच्या, असंख्य प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा भागात दोष उघडकीस आला; त्याची तीव्रता १० पैकी १० ठरली. दुरुस्ती लवकरच उपलब्ध झाली. पण हा भाग आपल्याकडे नेमका कोठे कोठे आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर अनेक संस्थांना चटकन देता येईना. याद्यांत यंत्रांची नावे होती. प्रोग्रॅमांच्या पोटात दडलेल्या भागांची नव्हती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक ह्या कंपनीने अशा एजंटांना बाहेरील साधनांशी जोडणारी एक खुली पद्धती प्रसिद्ध केली. अशा पद्धतीने जोडलेल्या शोधसाधनाकडे एजंट विचारतो : ‘अमुक विभागातील, तमुक आवृत्ती चालविणारे सर्व्हर कोणते?’ साधन त्याचा अधिकार तपासते, नोंदी गाळून घेते आणि ओळखक्रमांकांसह थोड्या थोड्या परत करते. कारण एजंटाला एका वेळी मर्यादितच मजकूर ध्यानात घेता येतो.

येथे एक धोका संभवतो. अनुभवी कारकून सारख्या नावाची दोन यंत्रे दिसताच थबकतो आणि शेजाऱ्याला विचारतो. एजंट मात्र पहिलीच नोंद खरी धरून पुढे जाण्याची शक्यता असते. म्हणून चांगल्या साधनाने एकूण किती नोंदी जुळल्या आणि प्रत्येक नोंद शेवटी केव्हा पडताळली, हे सांगितले पाहिजे. ‘अशी नोंद नाही’ आणि ‘ती पाहण्याचा तुला अधिकार नाही’ ही उत्तरेही वेगळी ठेवली पाहिजेत. नाहीतर एजंट अज्ञानालाच अभाव समजेल. शोधण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार हेही एकाच हाती सहसा देऊ नयेत.

समजा, एखाद्या रुग्णालयाचा चालू सर्व्हर नोंदीत ‘वापरात नाही’ असा राहून गेला. पूर्वी तो बंद करण्यास निघालेला माणूस यंत्राजवळ जाई, लुकलुकणारे दिवे पाही आणि परत येई. एजंटाला हे दिवे दिसत नाहीत. त्याला फक्त नोंद दिसते. कॉड ह्यांनी शोधणाऱ्याला मार्ग जाणण्याच्या कष्टांतून मुक्त केले. परंतु नोंद खरी ठेवण्याच्या कष्टांतून त्यांनी कोणालाच मुक्त केले नाही. म्हणून असे साधन घेणाऱ्या संस्थेने प्रथम आपल्या याद्या प्रत्यक्ष यंत्रांशी ताडून पाहाव्यात, आणि प्रत्येक नोंदीस जबाबदार असा एक माणूस नेमून द्यावा.